काचेवरचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे, पण माझ्यातून पलीकडचे बघायला जाल तर फसाल. माझ्या एका अंगावर करड्या रंगाचा पातळ थर आहे आणि त्या थरात हजारो बारीक काळे ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. आकाश काळे आणि तारे पांढरे असे तुम्ही म्हणता. माझ्याकडे सगळे उलटे आहे. मी आकाशाचा काचेवर घेतलेला फोटो आहे. वेधशाळेत आम्हाला प्लेट म्हणतात. जेवणाशी आमचा काही संबंध नाही, तरी एका नव्या शिपायाने माझ्या बहिणीवर चहाचा कप टेकवला होता आणि त्यावरून दोन दिवस रामायण चालले होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक काच दिव्यासमोर धरून बघत असे आणि आत बुडबुडा दिसला की बाजूला टाकत असे. मी तिच्या नजरेतून पास झाले, याचा मला अजून अभिमान आहे. पुढे अंधाऱ्या खोलीत माझ्या एका अंगाला तो थर लावला. दुसरे अंग, म्हणजे माझी पाठ, कोरी काचच राहिली. मग आम्हा बारा बहिणींना काळ्या कागदात गुंडाळून एका खोक्यात भरले. त्या थराला उजेड आयुष्यात एकदाच बघायचा असतो, आणि तोही कामावर असताना. एरवी कोणी चुकून झाकण उघडले, तर सगळा जन्म फुकट.

तुमच्या आजोबांनी तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली असेल. माझी नोकरी एका तासाची होती. दोन वाजून दहा मिनिटांनी रुजू झाले आणि तीन वाजून दहा मिनिटांनी निवृत्त. त्यानंतर मी फक्त जपून ठेवण्याची वस्तू झाले.

तो एक तास मला आठवतो. दुर्बिणीच्या मागच्या खाचेत मला बसवणारे गृहस्थ रात्रभर जागत आणि दिवसा झोपत, म्हणून सगळे त्यांना घुबडराव म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांच्या चहाच्या मगावर त्यांनी स्वतःच घुबड काढले होते. तासभर ते एका ताऱ्यावर डोळा ठेवून बारीक चक्री फिरवत बसले. तारे सरकतात तशी दुर्बीण सरकवायची, म्हणजे तारे माझ्यावर ठिपक्यासारखे उमटतात. पण ताऱ्यांच्या गर्दीतून कोणी स्वतःच्या पायाने चालले असेल, तर त्याचा ठिपका न उमटता रेघ उमटते. काम झाल्यावर घुबडरावांनी वहीत आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिले, "रात्र अकरा तारखेची. सुरुवात दोन दहा."

इथे वेधशाळेची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. रात्र एकच असते, पण तिच्यात तारखा दोन येतात. म्हणून तिथे नियम होता, की रात्र ज्या संध्याकाळी सुरू झाली त्या संध्याकाळचीच तारीख थेट सकाळपर्यंत लिहायची. पहाटेचे दोन वाजले तरी अकराच. नंतर गणित करताना, मध्यरात्रीनंतरची वेळ दिसली की तारखेत एक मिळवायचा.

दुसऱ्या दिवशी मला धुऊन, वाळवून मोजणीच्या खोलीत नेले. तिथे मला मोजणीताई भेटली. खरे म्हणजे माझे आयुष्य तिथेच सुरू झाले. खालून उजेड येणारे तिरके टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, आणि प्लेट केसभर सरकवायला दोन पितळी स्क्रू. ताई दिवसभर त्या टेबलाशी बसून ठिपक्यांच्या जागा मोजत असे. उजव्या डोळ्याने बघायची आणि डावा उघडाच ठेवायची, कारण डोळा मिटून बसले की कपाळ दुखते. पेन्सिल कानावर ठेवून मग ती टेबलभर शोधायची, हा रोजचा कार्यक्रम. चिठ्ठीवरचे तपशील शाईने कागदी पट्टीवर उतरवून ती पट्टी प्लेटच्या कोपऱ्यावर चिकटवण्याचे कामही तिचेच. त्या दिवशी एकदम सात प्लेटा आल्या होत्या. तिने माझी पट्टी लिहिली, डिंक लावला आणि पाठीच्या कोपऱ्यावर दाबून बसवली.

तीन आठवड्यांनी तिने मला नीट तपासायला घेतले आणि तिचा हात थांबला. माझ्या मध्यापासून थोडे डावीकडे, ठिपक्यांच्या गर्दीत एक रेघ होती. पापणीचा केस तोडून टाकावा एवढीशी. यादीत तिथे कोणीच नव्हते. ताईने माझ्या पाठीवर निळ्या शाईने तिच्याभोवती वर्तुळ काढले. मग ती माझ्या बहिणींकडे वळली. चार दिवसांनंतरच्या प्लेटवर ती रेघ होती, पण सरकलेली. सोळा दिवसांनंतरच्या प्लेटवरही होती, आणखी सरकलेली.

ती रेघ म्हणजे लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणारा एक धोंडा. असे लाखो धोंडे तिथे फिरतात, पण हा आधी कोणी पाहिला नव्हता. निदान ताईच्या हिशेबाने नव्हता. तीन रात्रींच्या तीन जागा पक्क्या मिळाल्या की त्याची वाट गणिताने काढता येते, आणि वाट निघाली की पुढच्या महिन्यात तो कुठे उभा असेल ते सांगता येते. तिथे तो खरोखर दिसला, तर शोध पक्का. नाही दिसला, तर तुम्ही मोजलेत ते काय होते देव जाणे.

ताईने नऊ दिवस गणित केले. हाताने फिरवायच्या यंत्राची खडखड सबंध कॉरिडॉरभर ऐकू जात असे. गणितात निघाले, की धोंड्याला सूर्याभोवती एक फेरी मारायला चार वर्षे आणि काही महिने लागतात. घरी तिची आई रोज संध्याकाळी दार उघडता उघडता विचारायची, "आला का गं तुझा धोंडा?" ताई हे शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगून हसत असे, म्हणून मला ठाऊक. ती हसायची, पण तिचा जीव टांगणीला लागला होता. अकरा वर्षे ती दुसऱ्यांनी काढलेल्या प्लेटांवर दुसऱ्यांचे तारे मोजत होती. ही रेघ तिला स्वतःला सापडली होती.

ठरलेल्या रात्री आकाश स्वच्छ होते. घुबडरावांनी तिच्यासाठी एकीच्या जागी दोन प्लेटा घेतल्या. सकाळी सगळे टेबलाभोवती जमले. ताईने बघितले. साहेबांनी बघितले, म्हणजे वेधशाळेच्या मुख्यांनी. मग पुन्हा ताईने बघितले. सांगितलेल्या जागी काहीही नव्हते.

साहेब स्वभावाने वाईट नव्हते, फक्त घाईचे होते. ते म्हणाले, "बाई, चार आणि सोळा दिवसांनंतरच्या प्लेटांचं एकमेकींशी जुळतंय, पण या पहिलीचं कशाशीच जुळत नाही. थरातला डाग आहे हा. आणि पहिली गेली की उरतात दोनच. दोघींवर वाट निघत नाही. सोडून द्या."

त्यांनी माझ्या पाकिटावर लाल पेन्सिलीने लिहिले, "दोष."

मित्रांनो, मला फार लागले ते. बुडबुडा नाही म्हणून निवडून आलेली मी! पण काच बोलत नाही. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ताईने मला पुन्हा काढले. अकरा वेळा मोजले. अकराही वेळा तेच माप आले. तेव्हा तिने माझ्या पाठीवर त्या वर्तुळाशेजारी, तितक्याच निळ्या शाईने, एकच शब्द लिहिला: "आहे."

आपले माप बरोबर असेल तर मग चुकले काय? माप जागेचे असते तसे वेळेचेही असते. जागा ताईची आणि वेळ घुबडरावांची. ती तडक त्यांच्या खोलीत गेली आणि दुपारच्या झोपेतून त्यांना उठवले. मी तिच्या हातातच होते.

"अहो, त्या रात्री घड्याळ बरोबर होतं ना तुमचं?"

"रोज रेडिओशी लावतो. सेकंदाचा फरक नाही."

"मग वेळ बघताना काही... म्हणजे, तुम्ही पेंगत तर नव्हता?"

रात्रपाळीच्या माणसाला याहून वाईट काही विचारता येत नाही. घुबडराव उठून बसले. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"ताई, बावीस वर्षांत माझा डोळा लागलेला नाही. या आता."

तारीख मात्र कोणी विचारलीच नाही. वही दोन हातांवरच्या फळीवर होती, पण वहीतलेच चिठ्ठीवर आणि चिठ्ठीवरचेच पट्टीवर येते, मग वही कशाला उघडायची?

त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला. पुढची आठ वर्षे एका छपराखाली काम करून चिठ्ठ्या शिपायाच्या हातून जात होत्या. घुबडराव रेडिओशी घड्याळ रात्रीतून तीनदा लावू लागले. दोन वेळा त्यांनी ते स्वखर्चाने उघडून तपासून घेतले, असे शिपाई सांगत असे. माणसाला एकदा स्वतःचाच संशय आला की तो घड्याळात तेल घालून जात नाही. आणि धोंडा? पुढे चंद्र मोठा होत गेला, मग ढग आले, मग तो सूर्याच्या बाजूला गेला. हरवला.

यानंतरचे माझे दिवस सांगण्यासारखे नाहीत. नवे कॅमेरे आले. त्यांना काच लागत नाही. मोजणीच्या खोलीत मोडक्या खुर्च्या येऊन पडल्या. आमच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येईना. काही बहिणींना कोणीतरी आडवे एकमेकींवर रचले आणि तळच्या तडकल्या. काच उभी ठेवायची असते, मित्रांनो, पुस्तकासारखी. ताई निवृत्त झाली त्या दिवशी तिने मला एकदा बाहेर काढले, पदराने पुसले, उजेडाकडे धरले आणि परत उभे ठेवले. घरी विचारणारी आई तोवर राहिली नव्हती.

मग पुष्कळ वर्षांनी कपाट उघडले. आता आम्हा सगळ्यांच्या प्रती कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या होत्या. या कामावर एक मध्यमवयीन बाई नेमल्या होत्या. त्यांना सगळे स्कॅनरबाई म्हणत. चष्मा दोरीने गळ्यात, आणि दर तासाला घरून फोन: मोजे कुठे आहेत, भाजी केवढी आणू. फोनवर एकीकडे "खालच्या खणात बघ रे" म्हणत त्या आम्हाला इतक्या हलक्या हाताने उचलायच्या, की मला कारखान्यातल्या त्या पहिल्या बाईची आठवण झाली.

त्यांना कामाचा क्रम ठरवून दिला होता. आधी पाठीवरच्या खुणांचा फोटो काढायचा, मग कोपऱ्यावरची पट्टी पाण्याने सोडवायची, मग ओल्या फडक्याने पाठ लख्ख पुसायची, कारण शाईची सावली प्रतीत उतरते. पट्ट्या कचऱ्याच्या टोपलीत. दिवसाला तीस प्लेटा. माझी पाळी आली. फोटो झाला. पट्टी सुटून टीपकागदावर पडली. फडके माझ्या पाठीपाशी आले आणि थांबले.

"आहे," त्यांनी मोठ्याने वाचले. "काय आहे?"

बाईंनी फडके खाली ठेवले. त्या दिवशी अठ्ठावीस प्लेटांवरचे लिहिलेले त्यांनी पुसले होते, पण ते सगळे आकडे होते. असा ठासून लिहिलेला शब्द त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. भिंग घेऊन त्यांनी वर्तुळात बघितले आणि त्यांना रेघ दिसली. मग सवयीने त्या कोपऱ्याकोपऱ्यात बघत गेल्या. आणि पट्टी सुटलेल्या कोपऱ्यात, इतकी वर्षे कागदाखाली झाकलेली, आणखी एक रेघ निघाली. ही चांगली ठळक होती.

त्यांनी पट्टीवरची तारीख आणि वेळ कॉम्प्युटरला दिली. कॉम्प्युटरलाही वेधशाळेची रीत शिकवलेली होती. मध्यरात्रीनंतरची वेळ बघून त्याने तारखेत एक मिळवला आणि त्या दिवशी माझ्या आकाशात असलेल्या सगळ्या ओळखीच्या लघुग्रहांची यादी दिली. यादीत ना वर्तुळातली रेघ, ना कोपऱ्यातली.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "एक नसेल तर समजू शकते," त्या मला म्हणाल्या. एकटे काम करणाऱ्यांना वस्तूंशी बोलायची सवय असते. "पण एवढा ठळक धोंडा आणि अजून कोणाला ठाऊक नाही? हे काही खरं नाही. तू चुकलीस की तारीख?"

त्यांनी तारीख एका दिवसाने मागे घेतली. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला. कोपऱ्यातली रेघ म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी सापडलेला एक जुना, नावाजलेला लघुग्रह निघाला, अगदी केसभरही इकडेतिकडे नाही. आणि वर्तुळातल्या रेघेपुढेही एक क्रमांक उमटला.

माझ्यावर फक्त जागा उमटते, वेळ उमटत नाही, असे मी समजत होते. ते खोटे होते. कोपऱ्यातल्या त्या रेघेच्या रूपाने खरी तारीख पहिल्यापासून माझ्या अंगावर होती. तारखेची पट्टीच तिच्यावर चिकटवलेली होती.

स्कॅनरबाईंनी जुन्या कागदांतून पत्ता काढून कळवले आणि चार दिवसांनी मोजणीताई आली. केस पांढरे, हातात काठी, सोबत भाची. स्कॅनरबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि सगळे सांगितले. धोंडा खरा होता. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका वेधशाळेच्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याला तो सापडला होता आणि यादीत शोधक म्हणून त्यांचेच नाव राहणार होते. पण त्याचे सर्वांत जुने दर्शन आता माझ्यावरचे होते. दरम्यान तो सूर्याभोवती नऊ फेऱ्या मारून आला होता.

ताईने माझ्याकडे बघितले, मग टीपकागदावर वाळलेल्या पट्टीकडे. स्कॅनरबाईंनी वही आधीच काढून ठेवली होती. वहीत घुबडरावांचे पेन्सिलीचे अक्षर होते: रात्र अकरा. पट्टीवर शाईने लिहिलेले होते: बारा.

"हे माझं अक्षर," ताई म्हणाली.

तिने पट्टीवरच्या बारावर बोट ठेवले.

"पहाटेचे दोन वाजलेले बघून मी बारा केले. वाटलं, घुबडराव चुकले, आपण नीट करून ठेवावं. आणि गणिताच्या वेळी पट्टीवर बारा दिसले, तर नियमाने आणखी एक मिळवला. एकच दुरुस्ती मी दोनदा केली." तिने काठीची मूठ घट्ट धरली. "आणि पेंगलात का, असं त्यांना विचारून आले."

"मावशी, अगं पण धोंडा खरा निघाला ना!" भाची म्हणाली.

"निघाला. खूप बरं वाटतंय मला," ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "आणि तितकीच लाजही वाटतेय. दोन्ही एकदम होतंय. फोन लाव त्यांना."

घुबडराव आता नव्वदीला टेकले होते आणि कमी ऐकत होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून सगळे मोठ्याने बोलले. ताईने आढेवेढे न घेता सांगितले. तारीख मी चुकवली. तुम्ही चुकला नव्हता.

पलीकडून घुबडरावांनी विचारले,

"म्हणजे माझं घड्याळ बरोबर होतं?"

"बरोबर होतं. आणि तुम्ही जागे होता."

"जरा धरा हं ताई," घुबडराव म्हणाले, "घरात सांगून येतो." आणि फोन तसाच ठेवून ते गेले. लांबून त्यांचा आवाज येत राहिला. एकच वाक्य ते दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या खोल्यांत सांगत होते.

मग उरले मी. स्कॅनरबाई संकोचून म्हणाल्या, "ताई, हे वर्तुळ आणि हा शब्द... फोटो काढलाय मी. पण पुसायला नको वाटतंय. तुम्ही म्हणाल तर आमच्या आताच्या साहेबांना विचारून तसंच ठेवते."

"फडकं द्या इकडे," ताई म्हणाली.

काच कशी धरायची हे तिचा हात विसरला नव्हता. कडांनी, दोन बोटांत. तिने आधी वर्तुळ पुसले, मग शब्द. "कोणी बघत नव्हतं म्हणून लिहिलं होतं ते," ती म्हणाली. "आता बघितलं सगळ्यांनी."

पाठ लख्ख झाली. मला हलके वाटले आणि थोडे उघडेही. बाईंनी टीपकागदावरची पट्टी उचलली आणि टोपली जवळ ओढली.

"ती नका टाकू," ताई म्हणाली. "आणि तिच्यावरचे बारा खोडूही नका."

तिने माझ्यासाठी नवे पाकीट मागून घेतले. त्यावर ती पट्टी डिंकाने चिकटवली आणि खाली सावकाश लिहिले: "खरी रात्र अकरा. निरीक्षकाची नोंद बरोबर. चूक मोजणाऱ्या बाईची." आणि त्याखाली सही केली. आपल्या शोधावर सही करायची संधी तिला कधीच मिळाली नव्हती. तिने ती चुकीवर केली, पूर्ण नावाची, वळणदार.

जाताना दारात ती थांबली आणि भाचीला म्हणाली, "तुझी आजी रोज विचारायची. आज घरी गेल्यावर मोठ्याने म्हणणार आहे मी, आला गं धोंडा."

मित्रांनो, मी आता नव्या कपाटात उभी आहे. आमच्यासारख्या जुन्या काचा, जुने कागद, जुन्या वह्या तुमच्या हाती येतील तेव्हा पुसायच्या आधी एकदा वाचा, आणि कोपऱ्यातली पट्टी उचलून खालीही बघा. आपले बरोबर निघाले की त्याची खूण पुसली तरी चालते. आपली चूक मात्र नीट अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे ज्याच्यावर तिचा आळ गेला असेल त्याला सुखाने झोप लागेल. माझ्या पाकिटावर ती तशी लिहिलेली आहे. कधी आलात तर वाचा, आणि वाचून झाले की मला उभीच ठेवा.